नऊ इंची भिंतीचे नाना

वडखळ नाक्यावर हॉर्नचा एवढा कल्लोळ असतो की शेजारच्या अंगणात वरात आली तरी कळू नये. पण छन्नीवर हातोड्याचा पहिला ठोका पडला की नानांना तो बरोबर ऐकू येतो. बनियनवर टॉवेल टाकून ते आवाजाच्या दिशेने निघतात. काम कुणाचं, हे तिथे पोचल्यावर बघता येतं.

नाना म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. पेणपासून रोह्यापर्यंत दर आळीला एक नाना असतो. कुणाची नोकरी डोलवीच्या कारखान्यात स्टोअरला झालेली, कुणाची एसटीत. थापी कुणीच हातात धरलेली नसते. आमच्या नानांच्या स्वतःच्या मोरीचं दार कित्येक वर्षं विटेचा तुकडा टेकवूनच बंद होतं. पण दुसऱ्याच्या भिंतीत दार पाडायचं म्हटलं, की त्यांच्या अंगात विश्वकर्मा येतो.

या खेपेची भिंत दोघा भावांमधली होती. वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध ती उभी राहिली. भाऊ चार इंचीवर भागवणार होते. नानांनीच त्यांना अडवलं. ‘‘चार इंचीतनं बोलणं ऐकू जातं. पुन्हा त्यावरनं भांडाल. नऊ इंची घाला.’’ भावांनी कर्ज काढून नऊ इंची घातली. पुढे 2011 साली महामार्गाचं पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण सुरू झालं. रस्ता वर वर चढत गेला आणि धाकट्याचा ओटा होता तिथेच राहिला. आता पावसाळ्यात रस्त्याचं पाणी उंबरठा ओलांडून आधी आत येतं, पाहुणे मागून. थोरल्याचं दार मागच्या आळीत, उंचावर. म्हणून मधल्या भिंतीत दार पाडायचं ठरलं.

‘‘मी तेव्हाच म्हटलं होतं, दाराला जागा सोडा,’’ नाना आल्या आल्या म्हणाले. दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. त्या भिंतीच्या दोन्ही अंगांना त्यांचं एकमत झालं असेल तर ते त्या क्षणी.

मग नानांनी भिंत तपासायला घेतली. डॉक्टर पोट वाजवून बघतात तशी बोटांच्या पेरांनी ठोकत ते टोकापर्यंत गेले. एका जागी भद्द आवाज आला. ‘‘लोणा,’’ नाना म्हणाले. धरमतरची खाडी जवळ, जमीन खारी. वीट खालून ओल ओढते आणि गिलावा पापुद्रे सोडतो. हे निदान बरोबर होतं. या जातीच्या माणसाची खरी पंचाईत इथेच आहे. तो निव्वळ बाता मारत असता तर हाकलता आला असता. इतक्या भिंती पडताना आणि चढताना त्याने पाहिलेल्या असतात, की दहातल्या सहा गोष्टी तो बरोबर सांगतो. उरलेल्या चारही तो तेवढ्याच ठामपणे सांगतो.

मिस्त्री बोलणारा नव्हता. त्याच्या पोऱ्याने उत्साहाने पहार उचलली आणि तळाची वीट उचकटायला घेतली. नाना ओरडले, ‘‘थांब रे! वर स्लॅब हाय, तो काय तुझा बाप धरणार?’’ मिस्त्रीनेही पोऱ्याच्या हातातली पहार काढून घेतली. दार नेहमी डोक्याकडून पाडतात. आधी दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू द्यायचे. मग दाराच्या माथ्यावर एका अंगाने भिंतीच्या निम्म्या जाडीची आडवी खाच पाडायची, तयार लिंटलचा एक तुकडा तीत सरकवायचा आणि वरची फट सिमेंटने ठासून भरायची. दोन्ही टोकं निदान सहा-सहा इंच भिंतीत बसली पाहिजेत. तो जोड पक्का झाला की दुसऱ्या अंगाने तसंच. त्यानंतरच खालच्या विटा, त्याही वरून खाली. घाई केली तर दाराच्या माथ्यावरच्या विटांचा त्रिकोण सुटून खाली येतो. हे सगळं नाना मिस्त्रीला समजावत होते आणि मिस्त्री ते आधीच करत होता. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, नानांच्या हुकमाने काम चाललंय. नानांना जवळूनही तसंच वाटत होतं.

मध्ये जोड सुकायला काही दिवस गेले. त्या दिवसांतही नाना रोज येऊन लिंटलकडे बघून जात. चहा एकदा या घरचा, एकदा त्या घरचा. त्यात पक्षपात नको म्हणून.

विटा काढायची वेळ आली तेव्हा रुंदीवरून अडलं. धाकटा म्हणाला, अडीच फूट पुरे. नानांनी मान हलवली. ‘‘गणपती?’’

गणपती थोरल्याकडे बसतो. धाकट्याची माणसं आरतीला रस्त्यावरून, पावसातून वळसा घालून येतात. पण मूर्ती या दारातून कशाला जाईल?

‘‘यंदा नाय जायची. उद्या वर्षं वाटून घेतलीत, एक साल याच्याकडे, एक साल त्याच्याकडे, मग? जोह्याहून मूर्ती आणाल आणि दारात प्रभावळ अडकली की मला हाका माराल.’’

पेण तालुक्यात राहून या मुद्द्यापुढे कोण बोलणार? चौकट साडेतीन फुटांची ठरली. मिस्त्रीने ओळंबा सोडला, गुण्या लावला, दोन्ही बाजूंना होल्डफास्ट ठोकले. भिंतीत आरपार उजेड पडला आणि दोन्ही स्वयंपाकघरांतले वास एकमेकांत मिसळले. थोरलीला कळलं की धाकटी सुकटीत कोकम टाकते. तिने तोंड वाकडं केलं, पण वाटी पुढे केली.

आणि मग मिस्त्रीने त्या सगळ्या कामातलं पहिलं वाक्य उच्चारलं. ‘‘कडी कुठल्या बाजूला लावू?’’

सगळे गप्प. थोरल्याच्या बाजूला लावली तर धाकट्याने रोज दार वाजवायचं. धाकट्याच्या बाजूला लावली तर थोरल्याचा मान गेला. दोन्ही बाजूंना लावली तर नऊ इंची भिंत काय वाईट होती? सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी टॉवेलने तोंड पुसलं, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. तो रिकामा होता.

शेवटी थोरली जाऊच आतून म्हणाली, ‘‘दार कशाला पाहिजे? पडदा लावा.’’

धाकटीने मान डोलावली. भावांनी सुटकेचा श्वास सोडला. मिस्त्री हत्यारं गोळा करायला लागला.

नाना मात्र जागचे हलले नाहीत. चौकटीवर बोटाची पेरं वाजवत त्यांनी विचारलं, ‘‘पडद्याची दांडी कोणाच्या अंगाला मारणार?’’