प्रवक्ते, पण कुणाचे?

शिरपूर जैनच्या बसस्टँडवर उतरून ‘प्रवक्ते कुठं राहतात?’ असं विचारलं, तर कुणीही घर दाखवील. ‘कोणत्या पक्षाचे?’ असं मात्र विचारू नका. त्याचं उत्तर गावात कुणाजवळ नाही, त्याच्या बापाजवळ तर नाहीच. बी.ए. झालेलं हे पोट्टं निवडणूक आली की सगळ्या पक्षांच्या सभा ऐकतं, एकाही सभेत टाळी वाजवत नाही आणि रात्री वहीत काहीतरी लिहीत बसतं. मागे एका कार्यकर्त्याला संशय आला, हा निवडणूक आयोगाचा माणूस असावा. तो संशय फिटेपर्यंत प्रवक्त्यांना टपरीवर चहाचे पैसे द्यावे लागले नाहीत.

बॅनर वाचायची त्याची रीत उलटी. आपण वर बघतो, वाढदिवस कुणाचा. तो तळापासून सुरुवात करतो. गेल्या वर्षीपेक्षा कुणाचा फोटो लहान झाला, कोण कडेला सरकला, कुणाच्या नावामागचं ‘भावी’ गळालं, एवढ्यावरून तो सांगतो की अमका पक्ष सोडणार. आणि अमका सोडतो! प्रचारपत्रकातली आश्वासनं तर तो वाचतच नाही. मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव पत्रकावर छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्यानं सक्तीचं आहे, ती मुंगीएवढी ओळ तो शोधतो. ‘दोन कट्टर विरोधक, पण प्रेस एकच!’ हे सांगताना त्याचा चेहरा असा होतो, जशी घरच्या विहिरीला झिरी लागली.

सभेत त्याचं लक्ष मुद्द्यांकडे नसतं. वक्ता ‘मला’ म्हणतो की ‘मले’, याची तो नोंद ठेवतो. टीव्हीच्या माईकपुढं ‘आम्ही शेतकऱ्यांच्या प्रश्नांबाबत सकारात्मक आहोत’ म्हणणारे साहेब इथं येऊन ‘सोयाबीनले भाव काऊन भेटत नाही, सांगा मले’ असं कितव्या मिनिटाला म्हणाले, हे त्याच्या वहीत सापडेल. साहेबांना स्वतःला आठवणार नाही.

त्यात आमच्या गावचा भूगोलही त्याच्या पथ्यावर पडलेला. जिल्हा वाशिम, तालुका मालेगाव, विधानसभा रिसोड आणि लोकसभा अकोला. १९९८ साली जिल्हा अकोल्यापासून सुटला, पण खासदारापुरतं आमचं माहेर तेच राहिलं. खुद्द वाशिम शहर मात्र यवतमाळ-वाशिम मतदारसंघात. त्यामुळे कामाला वाशिमला जावं, तर ज्याला आपल्याला मत देताच येत नाही त्याचा भोंगा कानाशी. लोक कानावर हात ठेवतात. हा रस्त्याच्या कडेला उभा राहून शेवटपर्यंत ऐकतो.

हे वेड लागलं कुठून? मला विचाराल, तर दोष गावाचा आहे. आमच्याकडे अंतरिक्ष पार्श्वनाथ आहेत; मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. या देवळावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात जो वाद चालला, तो लहानसहान नाही. १९०५ साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, तरी तो मिटला नाही. १९२९ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. १९८१ मध्ये कुलूप लागलं, ते उघडायला सर्वोच्च न्यायालय आणि २०२३ चा मार्च लागला. म्हणजे प्रवक्त्यांचा जन्म, शाळा, मिसरूड, सगळं कुलपाच्या काळातलं. लहानपणी बाहेरगावच्या यात्रेकरूंना रस्ता दाखवत फिरायचं आणि दोन्हीकडच्यांची हकीकत ऐकायची, हा त्याचा सुट्टीतला धंदा. एकच देऊळ, एकच मूर्ती, एकच कुलूप, आणि गोष्टी मात्र दोन. त्याच्या ध्यानात आलं की खोटं कुणीच बोलत नाही. प्रत्येक जण गोष्टीची सुरुवात वेगळ्या सालापासून करतो, एवढंच.

तेव्हापासून कुणी तावातावानं बोलू लागला की हा शांतपणे विचारतो, ‘तुम्ही कोणत्या सालापासून सांगून राहिले?’ हाच प्रश्न त्यानं शेताच्या बांधावरून पेटलेल्या चुलत्यांनाही विचारला. त्या दिवशी दोन्ही घरी त्याला कुणी जेव म्हटलं नाही. गेल्या कित्येक वर्षांत दोन्ही चुलत्यांचं एकमत झालेला तो एकमेव प्रसंग.

मोबाइलवर वाचता वाचता त्याला पॉल लाझार्सफेल्ड सापडला. या गृहस्थानं १९४० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका अध्यक्षीय निवडणुकीत मतदारांचा पाठपुरावा केला आणि सांगितलं की रेडिओ-वर्तमानपत्रांचा संदेश आधी गावातल्या चार जाणत्यांकडे पोचतो, तिथून इतरांकडे. टपरीवर हे सांगितल्यापासून गाव त्याला ‘लाजरसाहेब’ म्हणतं. ‘काय म्हणते मंग तुहा लाजरसाहेब, सरपंच कोण होते?’ जर्मनीच्या नोएल-नॉयमन बाईंचा सिद्धांतही त्यानं सांगून पाहिला: आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो. तो आमच्याकडे टिकला नाही. आमच्याकडे माणूस गप्प बसत नाही; दारात येईल त्या प्रत्येक उमेदवाराला ‘हाव ना भाऊ, तुमालेच’ म्हणतो.

खरी परीक्षा घरी झाली.

‘बाबा, मले अमरावतीले शिकाचं आहे. राजकीय संवाद.’

‘राजकारण करतं का?’

‘नाही.’

‘मंग पेपरवाला?’

‘तसंही नाही. लोकं कोणाचं काऊन आयकतात, ते समजून घ्याचं आहे.’

‘तू माह्यं काऊन आयकत नाही, ते पयले समजून घे.’

प्रवक्ते डगमगले नाहीत. अमरावतीचं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचं आहे. समोरच्याला प्रश्न विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढणारं बाबांचं कीर्तन म्हणजे राजकीय संवादाचा बाप, असा युक्तिवाद झाला. वडिलांनी गाडगेबाबांच्या नावाला हात जोडले आणि फीचा आकडा विचारला. आकडा ऐकून हात सुटले. मग रात्री मोबाइलवर बारा स्लाइडचं सादरीकरण. तिसऱ्या स्लाइडला वडील घोरू लागले.

चार दिवसांनी वडील दाढी करून घरी आले ते चिडूनच. ‘जिल्ह्याच्या हापिसात माहिती अधिकारी असते, तो याच शिक्षणातून होते म्हणते. काऊन नाही सांगतलं?’ कटिंगच्या दुकानात गालाला साबण लागलेला असताना, दुकानदारानं एका वाक्यात ते सांगून टाकलं होतं. चौथ्या स्लाइडवर तेच लिहिलेलं होतं. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेलं सोयाबीन त्याच आठवड्यात बाजारात गेलं.

फीपेक्षा प्रवक्त्यांना आनंद झाला तो लाजरसाहेब शिरपुरात खरे ठरले याचा. सबंध आयुष्यात एका माणसाला काही पटवून द्यायची वेळ आली आणि तेही न्हाव्यानं केलं, याचं त्यांना जराही वैषम्य नाही.

सध्या ते अमरावतीत आहेत. गावाकडून दोन इच्छुकांचे फोन येऊन गेले, भाषण लिहून देतोस का म्हणून. दोघांनाही त्यांनी एकच विचारलं, सुरुवात कोणत्या सालापासून करू? दोघांचाही परत फोन आलेला नाही.