पंचेचाळीसच्या वेगात भीमसेन

मोटरसायकलवर स्टिरिओ कशासाठी असतो, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. गाडी उभी असते तेव्हा त्याची गरज नसते आणि पळायला लागली की तो ऐकू येत नाही. तरीही अमेरिकेत लांब पल्ल्याच्या मोटरसायकली घेणारी बरीच मंडळी आधी रेडिओ वाजवून बघतात, इंजिनाकडे नंतर वळतात. व्हर्जिनियातल्या रिचमंडचे आमचे अण्णा त्यातलेच. सदाशिव पेठेत असताना त्यांच्याकडे लूना होती. तिच्यावर गाणं म्हणायचं काम चालवणाऱ्याकडेच असे.

आता त्यांच्याकडे 1994 ची होंडा गोल्ड विंग आहे. 1520 सीसी, सहा सिलिंडर, वजन साडेतीनशे किलोंच्या वर. एवढं धूड मागे ढकलणार कोण, म्हणून तिला रिव्हर्सही आहे आणि तो चालतो स्टार्टरच्या मोटरवर. जिला पेट्रोलची टाकी समजून आपण गुडघे आवळतो, ती टाकी नसतेच. खरी टाकी सीटखाली, वर नुसता देखावा. एवढ्या थाटात रेडिओ, टेप आणि चार स्पीकर ओघानंच आले. त्यातले दोन मागे बसणाऱ्याच्या कानाशी. मागे बसणारा मी.

टेपचा रबरी पट्टा वयोमानाने लिबलिबीत झाला आणि लताबाई हेमंतकुमारांच्या पट्टीत गायला लागल्या, तेव्हा अण्णांनी नवा स्टिरिओ मागवला. बोटीवर बसवतात तसला, पाण्यापावसाला न घाबरणारा, पेनड्राइव्हवर चालणारा. बसवायला फार वेळ लागत नाही, असं खोक्यावर लिहिलं होतं. बोटीवर लागतही नसेल.

गोल्ड विंगच्या रेडिओपर्यंत पोचायचं म्हणजे आधी प्लास्टिक उतरवायचं. एक झाकण काढावं तर त्याचा स्क्रू दुसऱ्या झाकणाखाली, आणि दुसरं निघतं तिसरं काढल्यावर. स्क्रू हरवू नयेत म्हणून अण्णांनी वहिनींचं आप्पेपात्र आणलं आणि एकेका खळग्यात एकेक जात बसवली. गाडी जोडून झाली तरी दोन खळगे भरलेलेच होते. "हे जास्तीचे असतात," अण्णा म्हणाले. वहिनींनी आप्पेपात्राकडे बघितलं आणि गाडीकडे बघितलं. त्या दिवशीच त्यांनी ठरवलं की आपण आपल्या मोटारीतून मागे यायचं.

वायरींचं प्रकरण त्याहून नाजूक. बाजारातल्या रेडिओंच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. काळी अर्थिंगची, लाल किल्लीबरोबर जागी होणारी, पिवळी अष्टौप्रहर जागी. घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायचं काम पिवळीचं. होंडाच्या वायरींचे रंग मात्र वेगळ्याच घराण्यातले. अण्णांनी लाल आणि पिवळीची अदलाबदल केली. परिणामी किल्ली काढली की रेडिओ सगळं विसरायचा आणि पुन्हा लावली की घड्याळात बारा. गाडीचे कायम बारा वाजलेले बघूनही अण्णांचा उत्साह ढळला नाही. वायरी सुलट झाल्या आणि आम्ही निघालो ब्लू रिज पार्कवेला.

हा रस्ता व्हर्जिनियात रॉकफिश गॅपला सुरू होतो आणि 469 मैलांवर नॉर्थ कॅरोलिनात चेरोकीजवळ संपतो. डोंगराच्या कण्यावरून जातो. ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, पेट्रोल पंपसुद्धा नाही. पेट्रोल हवं तर खाली उतरायचं. आणि वेगाची मर्यादा ताशी 45 मैल, म्हणजे आपले 72 किलोमीटर. हायवेवर सत्तर मैलांच्या वेगात वारा आधी तबला खातो, मग पेटी, शेवटी गवई. इथे तो नुसती चव घेऊन सोडून देतो. मोटरसायकलवरच्या गाण्याला एवढा मानवणारा रस्ता मी दुसरा पाहिला नाही. वळणावळणाने भीमसेनांचे अभंग चालले होते, खाली दरीत ढग होते, आणि मलाही वाटायला लागलं होतं की अण्णांचं काही अगदीच चुकलं नाही.

जुन्या स्टिरिओत एक शहाणपण होतं. गाडी जोरात गेली की तो आपोआप आवाज वाढवायचा, हळू झाली की उतरवायचा. नव्याला आपण वाहनावर बसलो आहोत याचा पत्ताच नव्हता. हँडलवरची आवाजाची बटणंही आता शोभेपुरती. 176 व्या मैलाला मेब्री मिल म्हणून जुनी पाणचक्की आहे, तिथे आम्ही वळलो. तळ्याकाठी माणसं कुजबुजत फोटो काढत होती. त्या शांततेत गाडी थांबली आणि वाऱ्याशी झुंजायला चढवलेली तान तशीच्या तशी चक्कीवर जाऊन आदळली. अण्णांनी हातमोज्यासकट ते हरभऱ्याएवढं बटण फिरवायला घेतलं, त्याने पुढचा अभंग लागला. तो द्रुत होता.

हार्लेवाला एक दाढीधारी आजोबा जवळ आला. आता भांडण, म्हणून मी हेल्मेट काढलंच नाही. त्याने तान संपेपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हा माणूस श्वास कधी घेतो?"

"तेच शोधतोय," अण्णा म्हणाले, "पुण्यात असल्यापासून."

पुढे 213 व्या मैलाला, गॅलॅक्सजवळ, ब्लू रिज म्युझिक सेंटर आहे. हंगामात दुपारी तिथे आसपासची माणसं आपापली वाद्यं घेऊन बसतात: फिडल, बँजो, गिटार. गॅलॅक्सची फिडलवाल्यांची जत्रा 1935 साली सुरू झाली. पार्कवेच्या बांधकामाची कुदळही त्याच वर्षी पडली. सेंटरच्या त्या बैठकीत ना स्पीकर, ना वायर, ना बारा वाजलेलं घड्याळ. अण्णांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि तासभर एक शब्द बोलले नाहीत. वहिनी मात्र बोलल्या. मागून येताना बंद काचांत त्यांनी तेच अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले होते, एकही तान न सांडता.

तेव्हा जुन्या गाडीचा स्टिरिओ बदलायचाच असेल, तर खुशाल बदला. फक्त वेगाप्रमाणे आवाज उतरतो का आणि हँडलवरची बटणं चालतात का, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि मागे बसायला माझ्याऐवजी दुसरं कोणी बघा. मी परतताना वहिनींच्या मोटारीत बसलो आणि पुढेही तिथेच बसणार आहे.