पुढची घ्या

पीपीटी सरांच्या खिशात तीन पेनड्राइव्ह असतात. पहिल्यात सादरीकरण, पहिला दगा देईल म्हणून दुसऱ्यातही तेच सादरीकरण, आणि तिसऱ्यात काय आहे ते सरांनाही नक्की आठवत नाही. चर्चासत्राच्या संगणकाला मात्र नेमका तिसराच लागतो. पडद्यावर मेव्हण्याच्या साखरपुड्याचे फोटो उमटतात, मागच्या रांगेला जाग येते आणि सर माइकवरच ओरडतात, ‘‘हे नाही रे, हे नाही, बॅक जा!’’

जिल्ह्याच्या ठिकाणच्या कुठल्याही वरिष्ठ महाविद्यालयात ते सापडतील. विषय अर्थशास्त्र, वय पन्नाशीच्या अलीकडचं. एरवी हाफशर्टात वावरणारा हा माणूस दोनच प्रसंगी ब्लेझर चढवतो: महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला नॅकची समिती आली की, आणि स्वतःला पेपर वाचायचा असला की. ब्लेझरच्या वरच्या खिशात लेझर पॉइंटर, खालच्या खिशात एसटीचं तिकीट. ते तिकीट मात्र कधी हरवत नाही, कारण प्रवासभत्त्याचा फॉर्म त्याच्यावाचून अडतो.

सरांच्या या भटकंतीमागे निव्वळ ज्ञानाची ओढ आहे असं कुणी समजू नये, आणि निव्वळ लबाडी आहे असं म्हणणंही अन्यायाचं होईल. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगानं पदोन्नतीसाठी एपीआयची गुणपद्धत आणली. आंतरराष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला की १० गुण, राष्ट्रीय चर्चासत्रात साडेसात, राज्यस्तरावर ५, स्थानिक पातळीवर ३. मग काय, तालुक्या-तालुक्यात राष्ट्रीय चर्चासत्रांचं पेवच फुटलं. २०१८च्या नियमांनी हे आकडे बरेच खाली आणले. देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५ आणि राष्ट्रीयला ३ उरले. पण तोवर सरांच्या फायलीला आणि पायांना सवय लागली होती. शिवाय परगावी गेलं की जुने वर्गमित्र भेटतात, मसालेभात-मठ्ठ्याचं जेवण असतं, आणि एक दिवस पेपर तपासणीतून सुटका होते. या गोष्टींना गुण नाहीत, पण मोल आहे.

तयारी आदल्या रात्री सुरू होते. सगळ्यात आधी शेवटची स्लाइड तयार होते: गुलाबाचं फूल, त्याच्यावर दंवाचा थेंब आणि ‘थँक यू’. मग पहिली: महाविद्यालयाच्या इमारतीचा फोटो, संस्थेचं बोधचिन्ह, संस्थापक अध्यक्षांची तसबीर, आणि उरलेल्या जागेत निबंधाचं शीर्षक. या दोहोंच्या मधे पीएचडीचा प्रबंध उताऱ्या-उताऱ्यानं उचलून ठेवला जातो. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, पूर्वसंशोधनाचा आढावा. मध्यरात्र उलटेपर्यंत स्लाइड होतात ४२. सादरीकरणाला वेळ आहे १० मिनिटं. मिनिटाला एक स्लाइड हा रूढ हिशोब सरांना ठाऊक आहे. पण बत्तीस कमी करायच्या म्हणजे कुठल्या, या प्रश्नाशी येऊन ते कंटाळतात आणि त्याऐवजी अक्षरं एकेक करून उडत येतील अशी सोय करतात. टाइपरायटरच्या आवाजासकट.

या सगळ्याचं खापर पॉवरपॉइंटवर फोडणारे पुष्कळ आहेत. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन या जोडीनं ते घडवलं, आधी त्याचं नाव ‘प्रेझेंटर’ ठेवलं होतं. १९८७मध्ये ते मॅकिंटॉशवर आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते बनवणारी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. पण सरांच्या पिढीला त्याच्या आधीचा ओव्हरहेड प्रोजेक्टरही आठवतो. त्याच्या ट्रान्सपरन्सीवर स्केचपेननं हातानं लिहावं लागे. लिहून हात दुखे, त्यामुळे माणूस पाच ओळींत थांबत असे. हल्ली दुखत काहीच नाही. दुखलंच तर ऐकणाऱ्याचं.

गंमत म्हणजे प्रभावी सादरीकरण कसं करावं हे सरांना उत्तम कळतं. नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणवर्गात त्याच विषयावर ते दोन तास घेतात. रिचर्ड मेयर या कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग ते सांगतात: चित्र दाखवून तोंडानं समजावलं तर शिकणाऱ्याला चांगलं कळतं, आणि तोंडानं बोललेलंच पुन्हा पडद्यावर लिहून ठेवलं तर उलट कमी कळतं, कारण डोळे आणि कान एकाच वाक्यामागे धावतात आणि दोघांचा वेग जुळत नाही. हे वाक्य सरांच्या स्लाइडवर जसंच्या तसं लिहिलेलं आहे आणि सर ते जसंच्या तसं वाचून दाखवतात.

याच वर्गात ते कोलंबिया अवकाशयानाचं उदाहरण देतात आणि तेव्हा त्यांचा आवाज खरोखर बदलतो. जानेवारी २००३मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. त्यानं काय बिघडलं असेल, याबद्दल अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडची माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी नंतर चिरफाड केली. मथळा धीर देणारा. आणि खरी धास्तीची गोष्ट तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात: चाचण्या झाल्या होत्या ३ घनइंचाच्या तुकड्यावर, आदळलेला तुकडा होता अंदाजे १,९२० घनइंचांचा. ६४० पट! १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. अपघाताच्या चौकशी मंडळानं आपल्या अहवालात टफ्टींच्या या टीकेची दखल घेतली. एकट्या स्लाइडनं यान पडलं असं कुणीच म्हणत नाही, पण बातमी तळघरात ठेवली की ती वाचली जात नाही हे खरं. वर्ग स्तब्ध होतो. सरांच्या स्लाइडवर हे सारं अकरा ओळींत आहे, आणि ६४०चा आकडा अकराव्या ओळीत, व्यासपीठावरच्या फुलदाणीमागे गेलेला.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र ते असे नाहीत. आंतरविद्यापीठ ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेसाठी मुलं तयार करताना त्यांची कात्री निर्दयपणे चालते. ‘‘परीक्षक जेवताना तुझ्याबद्दल काय सांगेल, ते एका वाक्यात बोल,’’ असं ते एखाद्या मुलीला सांगतात आणि ती अडखळली की चौदा स्लाइडच्या पाच करतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८मध्ये सुरू केलेली ‘थ्री मिनिट थीसिस’ स्पर्धा ते तिला समजावतात: तीन मिनिटं, एकच स्थिर स्लाइड, हलणारं-उडणारं काही नाही. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचायला नऊ तास लागतील, तो तीन मिनिटांत सांगायचा. मुलगी बक्षीस आणते. सर पेढे वाटतात आणि रात्री स्वतःच्या ४२ स्लाइडमध्ये आणखी एक घालतात, मुलीच्या बक्षिसाची.

मग स्वतःवर कात्री का चालत नाही? कारण आविष्कारला परीक्षक ऐकत असतो. चर्चासत्राच्या तांत्रिक सत्रात ऐकणारा असा कुणी नसतोच. समोर बसलेले पंचवीस-तीस जण सगळे पेपरवाचक. प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट पाहतो, वाचून झालं की मागच्या दारानं प्रमाणपत्राच्या टेबलाकडे सटकतो. शेवटचा वाचतो तेव्हा सत्राध्यक्ष, एक स्वयंसेवक आणि जिओटॅगचा फोटो काढणारा शिपाई एवढेच उरतात. असल्या श्रोत्यांसाठी कुणी झटून तयारी करावी ही अपेक्षाच जरा जास्त आहे, आणि या बाबतीत सरांची बाजू घ्यावीशी वाटते.

तर सरांचा पेपर: ‘मराठवाड्यातील आठवडी बाजारांचे आर्थिक अध्ययन’. पेनड्राइव्हचा घोळ मिटला, पण यजमानांच्या संगणकावर सरांचा मराठी फाँट नाही. कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या ‘मराठी’ या शब्दाच्या जागी इ, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं उभी राहिली आहेत, आणि बाकीच्या मजकुराचीही तीच गत. युनिकोडमध्ये टाइप केलं असतं, किंवा पीडीएफ करून आणली असती, तर हे टळलं असतं. हे सर प्रशिक्षणवर्गात सांगतात. आता मात्र ते डगमगत नाहीत. सगळा मजकूर पाठ आहे. ते त्या अगम्य अक्षरांवर लेझरचा हिरवा ठिपका फिरवत, सभेकडे पाठ करून, वाचल्याचा आविर्भाव करतात. ठिपका अधूनमधून सत्राध्यक्षा मॅडमच्या चष्म्यावर जातो.

पहिली तीन मिनिटं नावं घेण्यात गेलेली असतात: प्राचार्य, समन्वयक, बीजभाषक, ‘विचारमंचावरील मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो’. पुढची दोन ‘वेळेअभावी मी थोडक्यात सांगतो’ हे सांगण्यात. ‘‘पुढची घ्या,’’ असं ते स्वयंसेवकाला म्हणतात, तो दोन पुढे जातो, ‘‘मागची घ्या.’’ आठव्या मिनिटाला पूर्वसंशोधनाचा आढावा सुरू होतो आणि मॅडम घंटा वाजवतात. सर हसून मान डोलावतात, जणू घंटा शेजारच्या देवळातली आहे.

बोलताना वेळेचं भान सुटतं, हे शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे जाणून होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देताना आपण घाईत बोलू लागलो तर ‘सावकाश’ आणि वेळ संपत आली तर ‘वेळ’ अशी पाटी समोर धरायला त्यानं मदतनीस नेमला होता. तिथली शुक्रवारची व्याख्यानं तासाच्या ठोक्याला सुरू होतात आणि ठोक्याला संपतात, आणि वक्ता पळून जाऊ नये म्हणून त्याला आधी कोंडून ठेवण्याची प्रथाच पडली. आपल्याकडे वक्ता पळण्याची भीती नाही. कोंडायचं तर श्रोत्यांना कोंडावं लागेल.

घंटा तिसऱ्यांदा वाजली आणि वीज गेली.

पंखे थांबले, पडदा काळा झाला, माइक मेला. जनरेटरवाल्याला हाका सुरू झाल्या. सर क्षणभर गप्प उभे राहिले आणि मग पहिल्यांदाच सभेकडे तोंड केलं. ‘‘आता आकडे दिसत नाहीत, तर गंमत सांगतो,’’ ते म्हणाले. ‘‘नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. जनावरांचा केवढा बाजार! पण बैलाचा भाव तुम्हाला ऐकू येणार नाही. मॅडम, जरा ती सत्काराची शाल द्या. आणि उजवा हात.’’

मॅडम चक्रावल्या, पण हात पुढे केला. सरांनी दोघांच्या हातांवर शाल टाकली. ‘‘हा दलाल आणि हा शेतकरी. रुमालाखाली तो माझं एक बोट धरतो. म्हणजे एक. सगळी बोटं धरली की पाच. पाच शेकडे की पाच हजार, ते बैलाकडे बघून दोघांनाही कळतं. तोंडानं एक शब्द नाही. का? बाजूच्याला भाव कळला तर पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायची सोय राहत नाही. दलाल या बोटाचं त्या बोटाला कळू देत नाही, आणि मधल्या मधे आपला कट काढतो. धरा मॅडम, बोला किती?’’

शालीखाली हालचाल झाली. ‘‘परवडत नाही!’’ सर ओरडले, हात झटकून पाठ फिरवून चार पावलं गेले, मॅडमनीही न राहवून ‘‘अहो, या हो इकडं’’ म्हटलं आणि सभागृह खो खो हसलं. दारात प्रमाणपत्र घेऊन निघालेले दोघे परत आत आले. कुणी विचारलं, पावती कशी होते? बाजार समितीचा कर बुडतो का? सर उत्तरं देत सुटले. बाजाराच्या दिवशी गावातला न्हावी, चहावाला, उसनवारी सगळं कसं फिरतं, कुठला बाजार रस्ता वळल्यामुळे मेला, कुठला सोयाबीनमुळे वाढला. ४२ स्लाइडमध्ये यातलं अवाक्षर नव्हतं. घंटा मॅडमच्या हातात होती आणि त्या ती वाजवायला विसरल्या होत्या.

सात-आठ मिनिटांनी जनरेटर लागला. पंख्यांनी कागद उडवले, पडद्यावर ती पाच अक्षरं परत आली. सरांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली, घसा खाकरला आणि पडद्याकडे वळले. ‘‘हं, तर आपण होतो पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात. पुढची घ्या.’’

जेवणाच्या रांगेत एका संशोधक विद्यार्थिनीनं त्यांना गाठलं. ‘‘सर, ते बोटांचं निबंधात आहे का? मला उद्धृत करायचंय.’’

‘‘छे!’’ सर मठ्ठ्याचा पेला सावरत म्हणाले. ‘‘ते मी वडिलांबरोबर बाजाराला जायचो तेव्हाचं. त्याला रेफरन्स कुठला देणार?’’

प्रमाणपत्राच्या टेबलावर शीर्षक छापलं होतं ‘मराठवाड्यातील आठवणी बाजारांचे आर्थिक अध्ययन’. सरांनी व्हाइटनर मागितला. समन्वयकांनी मान वर न करता सांगितलं, ‘‘राहू द्या हो सर, गुण तेवढेच पडतात.’’ सरांनी थोडा विचार केला, प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फोल्डरात सरकवलं आणि तिकीट चिकटवायला डिंक आहे का म्हणून विचारलं.