अ‍ॅडमिनभाऊ, काकूंना आवाज पाठवता येत नाही

प्रति,
सन्माननीय अ‍ॅडमिनभाऊ,
आमच्या वॉर्डाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, भंडारा



वॉर्ड डिजिटल केल्याबद्दल आधी अभिनंदन. गणपतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक समोर ठेवून एका रात्रीत दीड-दोनशे नंबर ग्रुपात कोंबलेत. त्यातले तिघे केव्हाच वारले होते, तेही सामील झाले. वॉर्ड म्हणजे एक कुटुंब, आणि कुटुंब म्हटल्यावर पूर्वज आलेच. मग ‘सर्वांचे स्वागत, अ‍ॅप एकदम सोपे आहे’ एवढे लिहून तुम्ही झोपी गेलात.

सोपे कसे ते सांगतो. शेजारच्या काकूंकडे लेकाने पुण्याहून पाठवलेला जुना फोन आहे, काचेला आडवा तडा गेलेला. लिहिणे जमत नाही, म्हणून त्यांना बोलून निरोप पाठवायचा होता. माइकचे चित्र दाबून धरायचे आणि बोलून झाल्यावर सोडायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. त्या नुसते टोचत आणि हवेशी बोलत. एकदा बोट वर सरकले, रेकॉर्डिंगला कुलूप लागले आणि फोन ओट्यावरच राहिला. साडेचार मिनिटांनी त्यांनी घाबरून हिरवा बाण दाबला. दूधवाल्याच्या पाणीदार दुधावरचे काकूंचे मत आख्ख्या वॉर्डाने ऐकले. तुम्ही त्यावर हसून रडणारे चार चेहरे टाकलेत. काकू त्यानंतर ग्रुपात बोललेल्या नाहीत.

आता ऑगस्ट २०२०चा शेवट आठवा. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सुटलेले, खाली गोसेखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडे, आणि वैनगंगा कारधा पुलाकडून गावात शिरत होती. सखल भागासाठी सावधगिरीच्या सूचनेचा फोटो ग्रुपात आला होता, हे खरे. पण त्याच्या डोक्यावर तुमच्या पुतण्याच्या वाढदिवसाचे केक रचलेले होते. ज्यांनी खणून खणून तो शोधला, त्यांना सापडला. काकूंच्या फोनवर उघडलाच नाही. सूर्योदय, गुलाब आणि सुविचार आपोआप उतरून जागा संपली होती. शेवटी त्यांना एका पोराने दार बडवून उठवले. पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा, तेव्हा आधी त्याला केक कापावा लागत नसे.

तुमचा बचाव ठाऊक आहे. २०२१मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले, की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला सरसकट जबाबदार धरता येत नाही. प्रकरणही घरचेच, गोंदिया जिल्ह्यातले. १९९९पर्यंत तो आपल्याच जिल्ह्यात होता. ते कात्रण तुम्ही ग्रुपात तीनदा टाकलेत. माणसे घेणे आणि काढणे एवढीच अ‍ॅडमिनची सत्ता, असेही त्यात होते. त्यातले ‘घेणे’ तुम्ही मनावर घेतलेत.

पण पोरे पळवणारी टोळी फिरतेय, हा ग्रुपात आलेला निरोप दुसऱ्या कोणाचा नव्हता, भाऊ. तुम्हीच पुढे ढकलला होता, वर दोन बाण असलेला. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी असल्याच अफवेपायी पाच भिक्षेकरी ठेचून मारले गेले. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. तुम्ही पाच-पाचच्या तुकड्या करून पाठवू लागलात. नियम पाळणारा माणूस!

तेव्हा दंड म्हणा, विनंती म्हणा. येत्या रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या पारावर या. एकेकाचा फोन हातात घ्या. त्यांच्याच हातात ठेवून शिकवलेत तर आणखी बरे. फोटो आपोआप उतरणे बंद करून द्या. दोन बाणांचा निरोप म्हणजे किमान पाच हातांतून आलेला शिळा माल, हे दाखवा. नळ, घंटागाडी आणि पुराच्या सूचनांसाठी वेगळा ग्रुप काढा; त्यात फक्त अ‍ॅडमिनांनी लिहायचे, आणि अ‍ॅडमिन तुमच्याखेरीज आणखी दोघे. केक जुन्या ग्रुपात कापा, आम्ही तो म्यूट करून सुखाने खाऊ.

काकू येणार आहेत, चष्मा आणि चार्जर दोन्ही घेऊन. त्यांचा पहिला प्रश्न आताच सांगून ठेवतो, ऐनवेळी फजिती नको: ग्रुपातून बाहेर कसे पडायचे?

आपला,
नववा ‘गुड मॉर्निंग’ वाचून उठलेला एक सदस्य