घड्याळ काय म्हणतं?

“कसे आहात अण्णा?” असं विचारलं की पूर्वी अण्णा लगेच “मजेत!” म्हणायचे. आता आधी डावी बाही वर सरकवतात, मनगट चष्म्याखाली धरतात आणि मग म्हणतात, “बरा आहे.” परवा सकाळी छान झोप झाली म्हणून गुणगुणत चहा गाळत होते. घड्याळानं झोपेला ६२ गुण दिलेले पाहिले आणि जे जांभया द्यायला लागले, ते संध्याकाळपर्यंत.

जन्म गेला बँकेत, कॅशवर. ताळा जुळल्याशिवाय घरी यायचं नाही, ही सवय. आता ताळा १०,००० पावलांचा. रात्री साडेदहाला ९,६४० दिसली की लेंग्यावरच जिन्यात येरझारा सुरू. हा आकडा काही वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र निघालं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचं मापक’, तिथून तो आला, असं मी सांगून पाहिलं. “जपानी माणसं किती जगतात, ठाऊक आहे ना?” वाद मिटला.

मुळात घड्याळाला पाय दिसतच नाहीत, कळतात ते हाताचे हेलकावे. नातवाची बाबागाडी ढकलत बागेला चार फेऱ्या मारा, जमा जेमतेम. आरतीला जागच्या जागी टाळ्या वाजवा, पावलंच पावलं. हे लक्षात आल्यापासून बाबागाडी काकूंकडे गेली आणि अण्णांची भक्ती वाढली.

सध्या त्यांना न टोचता साखर सांगणारं घड्याळ हवंय. जाहिरात कापून ठेवलीय. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२४ मध्येच बजावलंय, की असं एकही घड्याळ त्यांनी मंजूर केलेलं नाही. हिरवा उजेड कातडीवर पाडून रक्ताची ये-जा टिपता येते, नाडी मोजता येते; साखरेचं गणित अजून सुटायचंय. “सुटेल हो!” अण्णा म्हणतात. सुटेलही. बोटं टोचून टोचून चाळण झालेल्यांना विचारा, केवढी सोय होईल ती.

आणि थट्टा करणाऱ्या माझेही दात एकदा घशात गेलेत. गेल्या पावसाळ्यात घड्याळानं नाडी अनियमित असल्याचं सांगितलं. आम्ही हसलो. अण्णा मात्र तडक डॉक्टरकडे गेले. रीतसर ईसीजी निघाला, घड्याळ खरं ठरलं. “वेळेवर आलात,” म्हणून डॉक्टरांनी ठेवूनच घेतलं. अंथरुणातून हलायचं नाही, अशी सक्त ताकीद.

तासाभरानं मनगट थरथरलं : ‘बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं चाला!’

सिस्टर धावत आली तेव्हा अण्णा सलाईनचा स्टँड घेऊन दारापर्यंत पोचले होते.