वेलांटी आधी

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख ज्याने कुणी ठरवली, त्याच्या घरी दिवाळीची साफसफाई होत नसावी. त्या दिवशी विंडोज टेनचा अधिकृत सांभाळ संपला. यापुढे नवी दुरुस्ती नाही, तुमचं तुम्ही बघा, असा त्याचा मतलब. इकडे दिवाळी आठवड्यावर आलेली. रायपुरात या दिवसांत घरोघरी पुताई चालू असते, माळ्यावरचं सामान अंगणात उतरतं, दाराशी टोपलीत मातीचा पोपट घेऊन सुआ नाचणाऱ्या बायका येतात. आणि त्या गडबडीत आमची मंडळी एकेका वस्तूकडे बोट दाखवून फक्त "हे?" एवढंच विचारते. त्या "हे?"ला तत्काळ आणि ठाम उत्तर देता आलं नाही, तर वस्तू गेली. यंदा बोट माझ्या कॉम्प्युटरपाशी थांबलं, आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटरनेही पडद्यावर निळी पाटी लावून तोच प्रश्न विचारला.

माझ्या कॉम्प्युटरवर काय आहे म्हणाल तर लग्नं आहेत. नोकरीत होतो तेव्हापासून मी ओळखीच्या मराठी घरांच्या पत्रिका लावून देतो. रायपुरात छापखान्यांना तोटा नाही, रजबंधा मैदानावर तर वर्तमानपत्रांची अख्खी वसाहत आहे. पण 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे हिंदी हाताकडून बिनचूक उतरवून घेणं म्हणजे वधूपित्याच्या रक्तदाबाची परीक्षा. ळचा ल होतो, मुंजीचा 'जनेऊ' होतो, आणि एखाद्या उत्साही कंपोझिटरने 'आमचे'ला कानफटात मारून 'हमारे' केलेलंही मी पाहिलं आहे. म्हणून तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंतची मंडळी माझ्याकडे येतात. आईबापांची लग्नपत्रिका ज्या फाइलमध्ये झाली, तीच 'सेव्ह अ‍ॅज' करत करत मुलाची मुंज, मुलीचं लग्न, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. काही घराण्यांची वंशावळ माझ्याकडे फाइलींच्या नावांतच आहे: लग्न, मुंज, मुंज नवीन, मुंज नवीन शेवटची, मुंज नवीन शेवटची खरी.

या साऱ्या फाइली पेजमेकरच्या. १९८५ साली अमेरिकेतल्या आल्डस कंपनीने पेजमेकर बाजारात आणला. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्द रूढ केला तो त्या कंपनीच्या पॉल ब्रेनर्ड यांनी. कंपनीला नाव दिलं होतं व्हेनिसमध्ये पाचशे वर्षांपूर्वी ग्रंथ छापणाऱ्या आल्डस मानुशियसचं, म्हणजे घराणं तसं खानदानी. १९९४ मध्ये अडोबीने कंपनी घेतली, २००१ मध्ये पेजमेकरची सातवी आवृत्ती काढली, आणि तिथे वंश खुंटला. जगाने इनडिझाइन धरलं. पण 'डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन' अशी पाटी लावलेल्या आपल्याकडच्या दुकानांत ही बातमी पोचलीच नाही. तिथे पेजमेकर अजून खुर्ची अडवून बसला आहे.

पेजमेकरच्या जोडीला मराठी फॉन्टचं पॅकेज, आणि त्या पॅकेजचं कुलूप. कुलूप म्हणजे काडेपेटीएवढी करडी डबी, पंचवीस पिनांची. ती मशीनच्या पाठीमागे, प्रिंटरची केबल लागते त्या भोकात बसवायची आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू नखाने पिळायचे. ती नसली की मराठी बंद. कुठे बाहेरगावी जायचं असेल तर मी ती काढून देव्हाऱ्याखालच्या खणात, बँकेच्या लॉकरच्या किल्लीशेजारी ठेवत असे.

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलाला बोलावलं. त्याने झाकण उघडलं, आत फुंकर मारली, स्वतःच शिंकला आणि म्हणाला, "अंकल, इसमें इलेवन नहीं चढ़ेगा. टीपीएम ही नहीं है."

या वयात माणसाचं ईएसआर, टीएसएच, पीएसए सगळं तपासून झालेलं असतं. टीपीएम तेवढं राहिलं होतं. ती म्हणे सुरक्षेची एक चिप असते, आणि विंडोज इलेव्हनला तिच्यावाचून पाऊल टाकवत नाही. डबीकडे पाहून मुलाने विचारलं, "और ये क्या है?" मी सांगितलं. त्याने ती उलटसुलट केली. जन्मात पाहिली नव्हती. मग जुन्या मशीनबद्दल त्याने निकाल दिला: "इसमें पैसा मत लगाओ. कबाड़ी भी तौल के लेगा."

तर नवं मशीन आलं. पहिल्याच दिवशी कळलं, की नवं शिकायला वय आड येत नाही, बोटं आड येतात. स्टार्टचं बटण १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात. २०१२ साली विंडोज एटमध्ये ते कुणीतरी काढूनच टाकलं होतं, पण जगभर अशी बोंब उठली की वर्षभरात परत लावावं लागलं. २०२१ साली इलेव्हनने ते मध्यभागी आणून ठेवलं. माझा हात सवयीने डाव्या कोपऱ्यात जायचा, तिथे हवामान दिसायचं. रायपूरचं तापमान मला दिवसातून इतक्या वेळा कधीच कळलं नव्हतं. शेवटी पुण्याच्या भाचीने फोनवरून तोड सांगितली. "मामा, टास्कबारवर राइट क्लिक करा, सेटिंग्जमध्ये जा, डावीकडे घेता येतं ना!" घेतलं. तोवर हात मध्यभागी जायला शिकला होता.

खरी गंमत पेजमेकरच्या काळातले इतर बारके प्रोग्रॅम चढवताना आली. माझ्याकडे एक मुहूर्त काढायचा होता, एक पाकिटांवर पत्ते छापायचा. चढवायला गेलो की पाटी यायची: हा प्रोग्रॅम आपल्या मशीनवर चालू शकत नाही. मुलाने उलगडा केला, आणि तो ऐकून मला त्या प्रोग्रॅमांची कणव आली. नव्वदीतले कित्येक प्रोग्रॅम स्वतः बत्तीस बिटांचे होते, ते आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये सुखाने नांदू शकतात. पण त्यांना आत आणून सोडणारा सेटअप मात्र त्याहून जुना, सोळा बिटांचा, आणि सोळा बिटांचं काहीही चौसष्ट बिटांच्या विंडोजला चालत नाही. म्हणजे घरात राहायला हरकत नाही, फक्त दारातून येता येत नाही. असे नातेवाईक प्रत्येकाला असतात.

विंडोजच्या पोटात शिरल्यावर मात्र माझा राग पुष्कळ निवळला. तिथे सिस्टिम थर्टीटू नावाचं एक फोल्डर आहे. नावावरून बत्तीस बिटांचं सामान त्यात असेल असं शहाण्या माणसाला वाटेल. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये त्यात चौसष्टचं सामान असतं, आणि बत्तीसचं सामान असतं सिसवाव सिक्स्टीफोर नावाच्या फोल्डरमध्ये! हा वेंधळेपणा नाही. जगातल्या असंख्य प्रोग्रॅमांनी 'सिस्टिम थर्टीटू' हा पत्ता पाठ केला होता. नाव बदललं असतं तर ते सगळे रस्ता चुकले असते. म्हणून आतलं सगळं बदललं, पाटी तीच ठेवली. रायपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. बूढा तालाबाचं सरकारी नाव विवेकानंद सरोवर. नरेंद्र दत्त लहानपणी दोनेक वर्षं या गावात राहिले होते, नाव अगदी रास्त आहे. पण रिक्षावाल्याला 'विवेकानंद सरोवर' सांगून बघा, तो तुम्हाला बाहेरगावचे समजून भाडं सांगेल. नव्या राजधानीला २०१८ साली अटलजींचं नाव मिळालं. बस तिकडे जाते ती अजून 'नया रायपूर'लाच.

त्याहून भारी किस्सा सिमसिटीचा आहे. शहर वसवण्याचा तो जुना खेळ. त्यात एक खोट होती. कॉम्प्युटरची जी मेमरी वापरून परत केली, तिच्यातच तो पुन्हा डोकावायचा. भाड्याची खोली सोडल्यावर दुसऱ्या दिवशी टॉवेल आणायला किल्ली लावून आत शिरावं, तसं. पूर्वी हे खपत होतं, कारण खोली लगेच दुसऱ्या कुणाला दिली जात नसे. विंडोज ९५ मध्ये खेळ बंद पडू लागला. आता चूक कुणाची? उघड खेळाची. पण गिऱ्हाईक काय म्हणणार? काल चालत होतं, नवं विंडोज घातलं आणि बंद पडलं. तेव्हा विंडोजवाल्यांनी काय केलं, तर आपल्या सिस्टिममध्ये खास तजवीज करून ठेवली: चालणारा प्रोग्रॅम सिमसिटी असेल तर सोडलेली मेमरी लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. एका खेळाच्या वाईट खोडीसाठी अख्ख्या जगाच्या कॉम्प्युटरात व्यवस्था!

हे वाचल्यापासून मला वाटू लागलं, की जुन्या प्रोग्रॅमवर आपलं प्रेम असतं हे खोटं आहे. पेजमेकर काही प्रेम करण्यासारखा प्राणी नव्हे. एकदाच 'अनडू' देतो, नंतर हात झटकतो. ऐन वेळी, कुलदेवतेचं नाव टाकताना, अडून बसतो. पण त्याच्या खोडी मला पाठ आहेत. तो कुठे रुसेल, रुसायच्या आधी काय करतो, कुठली फाइल आधी उघडली की दुसरी उघडते, हे मला ठाऊक. माझा अनुभव, अनुभव म्हणून लोक ज्याची तारीफ करतात, तो निम्मा म्हणजे या खोडींची यादी आहे. नवं सॉफ्टवेअर आलं की ती यादी एका फटक्यात रद्दी होते. माणूस नव्याला भितो म्हणतात ते इतकंच. त्याच्या खोडी अजून कळलेल्या नसतात, आणि आपलं कौतुक करायला काही उरत नाही.

सगळ्यात खोलवर गेलेली खोड वेलांटीची. मी टायपिंग शिकलो रेमिंग्टनच्या मशीनवर. त्यात ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. जुन्या फॉन्टांनी हीच रीत ठेवली. इथल्या कचेऱ्यांत ज्याचं राज्य होतं, तो कृतिदेव बघा. देवनागरी त्यात वेष असतो, आत इंग्रजी. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की हिंदी 'रायपुर'चं जे, के, अर्धविराम, आय, क्यू, जे होतं. मराठी दीर्घ ऊकार दिला असेल तर क्यूच्या जागी डब्ल्यू. टायपिंगवाल्यांना ही भाषासुद्धा वाचता येते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. युनिकोडचा हिशेब वेगळा. तिथे बोलतो त्या क्रमाने: व्यंजन आधी, वेलांटी मागून. शास्त्राला धरून आहे, वाद नाही. पण माझं बोट आधी वेलांटी मारतं, आणि पडद्यावर ठिपक्यांचं एक वर्तुळ उगवतं. वेलांटी त्याच्या शेजारी उभी. मागून अक्षर येतं ते पलीकडे जाऊन बसतं, दोघांची गाठ पडत नाही. 'विवाह' लिहिताना हे पहिल्याच अक्षराला व्हावं, याला अपशकुन म्हणायचं की काय?

जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी यंत्रं आहेत. वापरून पाहिली. बहुतेक ठीक करतात, पण 'सगेसोयऱ्यांसह'मधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र हिंदीकडे नाही, त्यामुळे हिंदी डोक्याने बनवलेल्या यंत्राने त्याचा रफार करून यच्या डोक्यावर ठेवला. सोयरे मंडळी एका फटक्यात 'सोयर्यां'त गेली. नवं ते सगळं परकं, असं मात्र म्हणता येत नाही. विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आपल्याच र. कृ. जोशींनी घडवला, कवी आणि सुलेखनकार जोशींनी. आणि एका घरातलं दुसऱ्या घरात नेण्याचं काम तर रायपूरच्या मराठी माणसाला नवं नाही. इथे ज्यांच्या नावाची शाळा आहे, त्या माधवराव सप्र्यांनी टिळकांचं 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत नेले. मूळ पोथ्या कबाडीला द्या, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तोड त्या मुलानेच काढली. "अंकल, एक्सपी को अंदर बिठा देते हैं." नव्या मशीनच्या आत, एका चौकटीत, खोटं जुनं मशीन. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तिची इंटरनेटची वाट बंद करून ठेवली, कारण एक्सपीची देखभाल २०१४ च्या एप्रिलातच संपली आहे. फॉन्टचं कुलूप तेवढं नवं, यूएसबीचं घ्यावं लागलं. मग चौकटीत ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ उगवलं. चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियात टिपलेली ती जागा. श्रावणात अभनपूरच्या रस्त्याला लागलात तर इकडेही तसला हिरवा दिसतो, फक्त टेकडी नाही. आता माझ्या पडद्यावर दोन स्टार्ट बटणं आहेत, दोन घड्याळं, दोन कचरापेट्या. बायको मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. "म्हणजे जुनं टाकलंच नाही," ती म्हणाली. "आत ढकललं."

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांचा हंगाम सुरू झाला. एका दुपारी दुकानातल्या मुलाचा फोन. "अंकल, वो पेजमेकर चालू है ना? कचहरी के एक मुंशीजी हैं. उनकी फाइल कहीं नहीं खुल रही. भेज दूँ?"

मुन्शी आला. माझ्याच वयाचा, खिशात पेन ड्राइव्ह आणि चष्म्याची दोन घरं. फाइल किरायानाम्याच्या मसुद्याची निघाली, कित्येक वर्षं तोच मसुदा नावं बदलून चालवलेला. टेकडीवाल्या चौकटीत ती उघडली. त्याने माझी परवानगी न विचारता खुर्ची ओढली, चष्मा बदलला आणि खाली न बघता 'किरायेदार' टाइप केलं. वेलांटी आधी, मग क. मी विचारलं, चाय चलेगी?

"फीकी," तो मान न वळवता म्हणाला, आणि पुढल्या ओळीला लागला.