बोसनची मुंगी

जहाजावर थर्ड इंजिनिअर म्हणून चढलो तेव्हा इंजिनाबाहेरचंही काही शिकावं लागेल, असं वाटलं नव्हतं. खलाशी बहुतेक फिलिपिनो. त्या सगळ्यांची भाषा एकच, हा माझा भाबडा समज. त्या देशात दीडशेहून जास्त भाषा आहेत आणि त्यांतल्या दोन आमच्या गॅलीच्या दारात रोज एकमेकींच्या पायात पाय घालत होत्या.

कुक बातांगासचा, म्हणजे टागालोग बोलणारा. बोसन (आपल्या कोकणी खलाशांचा सारंग) सेबूचा, म्हणजे सेबुआनो. एका सकाळी बोसनने गॅलीत डोकं घालून वर्दी दिली, “डेकवर मोठा लांगगाम आलाय.” कुकने पिठाचा डबा झाकला, साखर वरच्या फळीवर चढवली आणि फवाऱ्याची बाटली घेऊन तो बाहेर धावला. डेकवर एक थोराड समुद्रपक्षी दमून बसला होता. टागालोगमध्ये लांगगाम म्हणजे मुंगी. सेबुआनोत लांगगाम म्हणजे पक्षी. मुंगीला आकाशात पाठवायचं तर मुक्ताबाईच हवी, असं मी समजत होतो. इथे मनिलाहून सेबूची बोट पकडली की भागतं.

मग सेबूची माणसं मुंगीला काय म्हणतात? हुलमिगास. हा शब्द स्पॅनिशवरून आलेला. 300 हून जास्त वर्षं राज्य केलं, जाताना निदान मुंगी तरी ठेवून गेले.

आमचा ऑइलर इलोकोसचा. त्याने पहिल्याच आठवड्यात भाजीत ‘उतोंग’ मागितलं. इलोकानोत उतोंग म्हणजे चवळीच्या शेंगा. टागालोगमध्ये स्तनाग्र. कुकने पळी खाली ठेवली आणि ऑइलरकडे अशा नजरेने पाहिलं की बिचारा महिनाभर कोबीच खात होता.

सेफ्टी मीटिंगमध्ये कॅप्टनचं लांबण संपल्यावर बोसन डोकं खाजवत पुटपुटला, “नालिबोग को.” म्हणजे, माझा गोंधळ उडालाय. टागालोगवाले मात्र खाली बघून खुसखुसत राहिले. त्यांच्याकडे लिबोग म्हणजे कामवासना, आणि विषय चालला होता लाइफबोटीचा.

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. 1937 साली अध्यक्ष मॅन्युएल केझॉन यांनी टागालोगला राष्ट्रभाषेचा पाया ठरवलं. तेव्हापासून सेबूच्या पोराला शाळा, सिनेमा, टीव्ही सगळे मिळून टागालोग शिकवतात. बातांगासच्या पोरावर सेबुआनो शिकायची वेळ कोण आणणार? म्हणजे बोसनला दोन्ही लांगगाम पाठ होते, कुकला एकच. त्या सकाळी कुक फवारा घेऊन धावला तेव्हा बोसन शिडीआडून मोबाइलवर शूटिंग करत होता, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे एकदा चहा करताना साखरेच्या डब्यात मुंग्यांची रांग दिसली. मी ऐटीत टागालोग शब्द वापरून ओरडलो, “कुक, लांगगाम!”

त्याने डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोर्टहोलला नाक लावून म्हणाला, “कुठल्या बाजूला, थर्ड?”